ॲडमिट नसलेल्या माणसाची औषधं : नाशिकमधलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६४. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होते, २०२१ मध्ये वयोमानाने निवृत्त झाले. राहायला सिडकोत. घरात काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. काकांना ईपीएसची, म्हणजे पीएफच्या योजनेतली, पेन्शन दोन-सव्वादोन हजार. मुलाचं पाथर्डी फाट्याकडे मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. रेशनकार्ड केशरी. आरोग्यविमा नाही. नाव आणि ओळख पटेल असे तपशील घरच्यांशी बोलून वगळले आहेत. वय, नोकरी, पेन्शन आणि कार्डाचा रंग मात्र मुद्दाम ठेवलाय, कारण औषधांसाठी मदत कुठून मिळणार हे आजारापेक्षा या चार गोष्टींवर जास्त ठरतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत काकांना हार्ट ॲटॅक आला. शेजारच्या पोराने रिक्षात घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं, हे नशीब. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाने, रेशनकार्ड आणि आधार घेतलं, मंजुरी आली, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. बिलाचा प्रश्नच आला नाही. इकोच्या रिपोर्टवर मात्र पंपिंग, म्हणजे हृदय एका ठोक्यात आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३० टक्के आलं. निरोगी हृदयात हा आकडा ५५ च्या पुढे असतो. बंद झालेली नळी उघडली, पण तोवर हृदयाचा स्नायू दुबळा झाला होता. त्यासाठीची औषधं आता कायमची.

मी फार्मासिस्ट. औषध दुकानातली माझी वर्षं पंचवटीत गेली, आता ओळखीपाळखीतल्या लोकांचे औषधांचे कागद लावून देते. काकांची सून माझ्याकडे आली ती पैसे मागायला नाही. "ताई, यातली कोणती गोळी बंद केली तर चालेल?" हा तिचा प्रश्न होता. पावसाळा तोंडावर आला होता आणि नातीची वह्या-पुस्तकं घ्यायची होती.

बिल

डिस्चार्ज कार्डावर नऊ औषधं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, टॉर्सेमाइड आणि पित्ताची एक गोळी, ही सात जुनी आणि तशी आवाक्यातली. उरलेली दोन नवी. सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम रोज एक. काकांना मधुमेह नाही, तरी 'शुगरची गोळी' का दिली म्हणून घरात आधीच शंका होती. ती गोळी आता हृदयाच्या दुबळेपणावरही देतात, एवढं सांगितल्यावर सुनेचा चेहरा जरा सैल झाला. महिन्याचं बिल सहा हजारांच्या आसपास जायचं, त्यातले पावणेपाच हजार या दोन औषधांचे.

काका म्हणाले ते असं: "ऑपरेशन फुकटात झालं, ताई, न् आता गोळ्या खाऊन भिकेला लागायची पाळी आली."

औषधांचा कारभार काकूंच्या हातात होता. सुपारीच्या गोल स्टीलच्या डब्यात कात्रीने कापलेले पाकिटांचे तुकडे. दुकानदाराकडून चार-चार, सहा-सहा गोळ्या सुट्या आणलेल्या. बहुतेक तुकड्यांवर औषधाचं नाव अर्धंच उरलेलं, एक्स्पायरी तर कुठेच नाही. बिल एकाही खरेदीचं नाही, कारण चार गोळ्यांचं बिल कोण मागतं? डब्यातल्या गोळ्या मोजल्यावर लक्षात आलं की सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन दोन वेळांऐवजी एकच वेळ चालू आहे, आणि एम्पाग्लिफ्लोझिन एक दिवसाआड.

त्याच डब्यात रॅमिप्रिलचं एक जवळपास पूर्ण पाकीट होतं. काकांना पूर्वी बीपीसाठी दिलेलं. हे कशाला ठेवलंय विचारलं तर काकू सहज म्हणाल्या, "महागाची संपली की ही देते. ही पण बीपीचीच ना?"

इथे मात्र मी जागची उठले. सॅक्युबिट्रिल आणि रॅमिप्रिल-एनालाप्रिलच्या जातीची गोळी एकत्र पोटात गेली तर चेहरा, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. म्हणून एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये किमान ३६ तास सोडावे लागतात, आणि तेही डॉक्टरांनी सांगूनच. काकांना काही झालं नव्हतं ही देवाची कृपा. ते पाकीट मी तिथल्या तिथे डब्याबाहेर काढलं. पैशाच्या अडचणीतून होणारं नुकसान हे असं असतं, कुठल्याही योजनेच्या अर्जात त्याला रकाना नसतो. माणूस औषध 'बंद' करत नाही. तो ते लांबवतो, अर्धं करतो, बदलीला दुसरं घेतो. आणि डॉक्टर विचारतात तेव्हा "चालू आहे" म्हणतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता कळली. काकूंना स्वतःला मधुमेह आहे. त्यांची सिटाग्लिप्टिनची गोळी दीड महिन्यापासून बंद होती. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

जी दारं उघडली नाहीत

सुनेच्या डोक्यात चार नावं होती, व्हॉट्सॲपवरून आणि शेजारपाजारच्या सल्ल्यातून आलेली. एकेक तपासून पाहणं भाग होतं.

पहिलं अर्थातच महात्मा फुले योजनेचं. कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं झालंय, मग उरलेल्या रकमेतून गोळ्या का नाहीत? प्रश्न चुकीचा नाही. पण ही योजना भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. तिच्या आधीच्या यादीत ९९६ उपचारांसोबत १२१ 'शस्त्रक्रिया पश्चात सेवा' होत्या, म्हणून आपल्या उपचाराला अशी सेवा जोडलेली आहे का, हे आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या दिवशीच विचारून घ्यावं. काकांच्या घरी हे कोणी विचारलं नाही आणि रुग्णालयाने सांगितलं नाही. चार महिन्यांनी विचारायला गेलो तेव्हा "ओपीडीची औषधं बाहेरून" एवढंच उत्तर मिळालं. आयुष्मान भारतमध्येही डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांपर्यंतचाच खर्च धरतात. सोळाव्या दिवसापासून माणूस आपला आपण.

दुसरं, ७० वर्षांवरच्यांचं वय वंदना कार्ड. काका ६४ चे. आणि ७० चे असते तरी ते कार्डही भरती झाल्यावरच कामाला येतं.

तिसरं, मुख्यमंत्री सहायता निधी. त्यातली मदत ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारासाठी, आणि थेट रुग्णालयाच्या खात्यात. महिन्यामहिन्याच्या गोळ्यांना तिथे जागा नाही. मुलगा यासाठी एका कार्यकर्त्याच्या मागे बरेच दिवस फिरला होता. त्या कार्यकर्त्याने नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणणं हे त्यांच्या धंद्यात बसत नाही.

चौथं, धर्मादाय रुग्णालय. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली नोंदलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी ते बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांना ३ लाख ६० हजार. काकांचं घर दुसऱ्या गटात बसलं असतं. पण इथेही गणित खाटेभोवतीच फिरतं. ओपीडीत तपासणी आणि काही चाचण्या स्वस्तात होतील, पण दर महिन्याच्या नऊ औषधांचा भार निधीवर टाकणं अवघड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तरीही काढायला लावला. तो काढून ठेवलेला कधी वाया जात नाही.

चारही ठिकाणी एकच भिंत: काका ॲडमिट नव्हते.

चिठ्ठी

मग मी सुनेला म्हटलं, पैसे मागायच्या आधी चिठ्ठी बदलून मागू.

औषध दुकानातल्या कोणालाही विचारा, गिऱ्हाईक म्हणतं "यातलंच स्वस्तातलं द्या ना". दुकानदार कधी देतो, कधी देत नाही. कायद्याने बघायला गेलं तर तो देऊ शकत नाही. औषधे नियम १९४५ मधला ६५ (११-ए) हा नियम सांगतो की शेड्यूल एच मधल्या, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या, औषधाच्या बदल्यात दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही, आतला घटक तोच असला तरीही. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँडचं नाव लिहिलं की फार्मासिस्टचे हात बांधले जातात. रुग्णाला वाटतं दुकानदार लुबाडतोय. काही लुबाडतातही, त्याबद्दल माझ्याच धंद्यातली असून बोलते. पण या बाबतीत किल्ली डॉक्टरांच्या पेनात आहे.

जेनेरिक नावाने, म्हणजे आतल्या घटकाच्या नावाने, लिहावं हे नवं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतच ते आहे आणि २०१६ मध्ये आणखी स्पष्ट केलं गेलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सक्तीचा नवा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला. तेव्हा कायद्याचा धाक दाखवून काही होत नाही. विनंतीच करावी लागते.

सुनेला मी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. काका प्रत्यक्षात कोणत्या गोळ्या कशा घेतायत. रॅमिप्रिल मध्येमध्ये दिलं गेलंय. आणि महिन्याला किती रुपये परवडतात. शेवटची ओळ लिहायला काकांचा ठाम विरोध होता. "डॉक्टरला काय सांगायचं घरचं?" पण डॉक्टर खर्चाचा अंदाज दिसण्यावरून करतात, आणि काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून जातात.

डॉक्टर आधी रॅमिप्रिलवर चिडले, ते बरोबरच होतं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी घरच्यांना आधी कोणी सांगितली नव्हती. २०१४ च्या पॅराडाइम-एचएफ या चाचणीत सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन हे एनालाप्रिलपेक्षा सरस ठरलं. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयाच्या त्रासासाठी भरती, यांचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झालं. म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. पण एनालाप्रिल काही टाकाऊ नाही. महागडं औषध अर्धवट घेण्यापेक्षा स्वस्त औषध पूर्ण मात्रेत घेणं त्यांना चाललं असतं. "मला आधी का नाही सांगितलं?" हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यावर काकांनी खाली बघितलं.

शेवटी त्यांनी औषध तेच ठेवलं, पण नऊच्या नऊ नावं घटकाच्या नावाने, मोठ्या सुट्या अक्षरांत पुन्हा लिहिली. पित्ताची गोळी काही काळानंतर थांबवता येईल का ते पुढच्या भेटीत बघू म्हणाले. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियमची तपासणी लिहून दिली, कारण स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन एकत्र चालू असताना पोटॅशियम वाढू शकतं आणि काकांची ती तपासणी पैशांमुळेच राहिली होती.

एकच गोळी, भाव निराळे

नव्या चिठ्ठीने काय बदललं ते एम्पाग्लिफ्लोझिनवर नीट दिसतं. या औषधाचं भारतातलं पेटंट, म्हणजे ते विकायचा एकाच कंपनीचा हक्क, ११ मार्च २०२५ ला संपलं. त्याआधी मूळ ब्रँडची गोळी ६० रुपयांच्या आसपास होती. पेटंट सुटताच डझनावारी कंपन्या उतरल्या आणि १० मिलिग्रॅमची गोळी दहा-पंधरा रुपयांच्या आत आली, एका कंपनीची तर ५ रुपये ४९ पैशांना. काकांना डिस्चार्ज मिळाला फेब्रुवारीत. चिठ्ठीवर तेव्हाचं नाव, दुकानदाराकडे तोच साठा, आणि घरच्यांना पेटंट ही काय भानगड आहे हे कुठून कळणार? मार्चनंतरही हे कुटुंब फेब्रुवारीचा भाव भरत होतं.

सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टनचं मूळ पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं. त्यातही आता पुष्कळ कंपन्या आहेत, पण भावात मोठी तफावत. ही दोन्ही औषधं सरकारने भाव बांधून दिलेल्या यादीतली नाहीत, आणि यादीबाहेरच्या औषधाचा भाव कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याने दिलासा मिळाला, पण तो ब्रँड बदलून मिळणाऱ्या फरकाच्या जवळपासही नाही.

सिडकोतल्या एका जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात, सात जुनी औषधं लगेच मिळाली आणि त्यांचं महिन्याचं बिल साडेतीनशेच्या आत आलं. काकूंची सिटाग्लिप्टिनही तिथेच. २०२२ मध्ये तिचं पेटंट सुटल्यावर जनऔषधीत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या होत्या, तेव्हा नामांकित ब्रँड १६० च्या पुढे होते. काकूंना मी तिथेच, दुकानाच्या पायरीवर, पहिली गोळी घ्यायला लावली. नव्या दोन औषधांचा साठा त्या दिवशी नव्हता. जनऔषधीचं हे असं चालतं, म्हणून 'जनऔषधी सुगम' ॲपवर आधी बघावं, केंद्रात फोन करावा, आणि गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच निघावं.

मग गोळे कॉलनी. नाशिकमध्ये औषधांचा घाऊक बाजार तिथे, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण तिथेही एक मेख आहे. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमत ब्रँडच्या बरोबरीने असते आणि दुकानदाराला ती फार कमी भावात पडते. मधला फरक गिऱ्हाइकाला द्यायचा की गल्ल्यात टाकायचा हे दुकानदार ठरवतो. तेव्हा "जेनेरिक द्या" म्हटल्याने काम होत नाही. "कोणत्या कंपनीचं, आणि मला कितीला?" असं विचारायचं, दोन-तीन ठिकाणी विचारायचं, आणि पूर्ण पाकीट बिलासकट घ्यायचं. सुनेने हे काम माझ्यापेक्षा चोख केलं. भाजी बाजारात घासाघीस करणाऱ्या बाईला औषधाच्या दुकानात तोंड उघडायची भीती का वाटते, ते मला कधी कळलेलं नाही.

नऊ औषधांचं महिन्याचं बिल सतराशेच्या आसपास आलं.

काकांना मात्र हे पटेना. स्वस्त गोळी म्हणजे हलकी गोळी. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागल्यासारखं 'वाटलं'. ही शंका हसण्यावारी नेण्याची नाही, औषधांच्या दर्जाबद्दलच्या बातम्या सगळेच वाचतात. जनऔषधीच्या औषधांची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून येते, हे सांगून काकांचं समाधान होईना. मग मी वादात न पडता मोजायला लावलं. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन. पायाच्या घोट्यावर बोट दाबून खड्डा पडतो का ते बघणं. बीपी. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर डॉक्टरांना फोन, नाहीतर नाही. नातीच्या जुन्या वहीत काका स्वतः आकडे लिहायला लागले आणि तीन आठवड्यांनी धापेचा विषय आपोआप मागे पडला. एकच पथ्य ठेवलं, दर महिन्याला कंपनी बदलायची नाही.

पगारपत्रक

सतराशे रुपयेही या घराला जड होते. शिवाय काकूंची औषधं वेगळी. सरकारी दवाखान्याचा पर्याय होताच. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सिव्हिल आहे, शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. जुनी औषधं तिथून घ्यायची आणि नवी दोन विकत, असं जवळजवळ ठरलं होतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सुनेने घरातली कागदांची पिशवी आणली. एलआयसीच्या पावत्या, पीएफचे कागद, आणि त्यात काकांचं शेवटच्या वर्षातलं एक पगारपत्रक. पगार १८ हजार. कपातीच्या रकान्यात ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, १३५ रुपये. पगाराचा पाऊण टक्का.

मी विचारलं, "काका, निवृत्त झाल्यावर विमा कार्डाचं काय केलंत?"

"नोकरी संपली, कार्ड संपलं. कंपनीत तसंच सांगितलं."

ही समजूत सातपूर-अंबडच्या निम्म्या निवृत्त कामगारांची असेल. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या नियमांत, ६१ व्या नियमाखाली, निवृत्तीपूर्वी किमान ५ वर्षं विमाधारक असलेल्या कामगाराला वयोमानाने निवृत्त झाल्यावरही वैद्यकीय सेवा मिळते, स्वतःला आणि पती किंवा पत्नीला. त्यासाठी वर्षाला १२० रुपये भरायचे. महिन्याला नाही, वर्षाला. नोकरीत असताना काकांच्या पगारातून एका महिन्यात यापेक्षा जास्त कापले जात होते. आणि या योजनेला ॲडमिट असणं-नसणं याने फरक पडत नाही. दवाखान्यातून रोजची औषधं मिळणं हा तिचा मूळ गाभाच आहे.

काकांची बाजू भक्कम होती. पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून २१ हजार आहे आणि ते निवृत्त होईपर्यंत तिच्या आतच राहिले. मधल्या काळात पगार मर्यादेबाहेर गेलेल्यांचं प्रकरण अधिक किचकट होतं, त्यांनी शाखा कार्यालयात विचारूनच पुढे जावं.

अडचण निवृत्तीच्या पुराव्याची आली. कारखाना दुसऱ्याच्या हातात गेलेला, एचआरमध्ये नवी मुलं, जुनं रजिस्टर कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. मुलाला "उद्या या" हे उत्तर इतक्या वेळा मिळालं की तो वैतागून म्हणाला, जाऊ दे, सतराशे भरू. तेव्हा दोन गोष्टी कामी आल्या. एक, पगारपत्रकावरचा दहा आकडी विमा क्रमांक. त्यावरून वर्गणीचा सगळा इतिहास ईएसआयच्या नोंदीत निघतो, कारखान्याची मिनतवारी करावी लागत नाही. दुसरी, काकांनी जपून ठेवलेलं निवृत्तीचं पत्र. निरोप समारंभाचा नारळ-शालीचा फोटो आणि ते पत्र एकाच फ्रेममध्ये, भिंतीवर. फ्रेम उघडून झेरॉक्स काढली. पुढे नव्या व्यवस्थापनानेही एक सही-शिक्क्याचा दाखला दिला, पण तोवर अर्ज दाखल झाला होता.

१२० रुपयांचा भरणा झाला, कार्ड चालू झालं. हृदयरोगतज्ज्ञांची घटकनावांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि इकोचा रिपोर्ट घेऊन काका-काकू सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासून आपल्या कागदावर औषधं लिहिली. चिठ्ठी घटकाच्या नावाने असल्याने पुन्हा कोणत्या ब्रँडचं काय, हा घोळ झाला नाही.

आजची स्थिती

जुनी औषधं आणि काकूंची मधुमेहाची गोळी नियमित मिळते. नवी दोन साठ्यात नसली तर स्थानिक खरेदीतून मागवून देतात, त्यात मधले काही दिवस जातात. त्यासाठी सून पंधरा दिवसांच्या गोळ्या नेहमी हाताशी ठेवते. एखाद्या महिन्यात चार-पाचशे रुपये खिशातून जातात. स्टीलच्या डब्यात आता अखंड पाकिटं असतात, कात्री शिवणाच्या पेटीत परत गेली. काकूंची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) पहिल्यांदा तपासली तेव्हा साडेनऊ टक्क्यांच्या वर होती. ती खाली यायला वेळ लागेल, आणि त्यासाठी आधी संध्याकाळच्या चहाबरोबरची खारी बंद व्हायला हवी.

खासगी हृदयरोगतज्ज्ञांची सहा महिन्यांनी एक भेट घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने चालू ठेवली आहे. तो त्यांचा निर्णय, आणि मला तो योग्य वाटतो. पुढचा इको संक्रांतीनंतर. पंपिंग चाळीसच्या वर गेलं तर गोळ्या बंद करायच्या, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलंय. पंपिंग सुधारतं ते या गोळ्यांमुळेच, आणि सुधारलं तरी त्या चालूच ठेवायच्या असतात. हे त्यांना डॉक्टरांनीच तोंडावर सांगावं असं सुनेने ठरवलंय, कारण आम्हा दोघींचं ते ऐकत नाहीत.